व्हिडिओ कन्व्हर्ट करण्याआधी फाइलच्या आत काय आहे ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. व्याख्यानांचे काही व्हिडिओ तुम्ही डाउनलोड करून ठेवलेत आणि लॅपटॉपवर ते सगळे नीट चालतात. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की मात्र काही उघडतच नाहीत, तर काहींचं चित्र दिसतं पण आवाज येत नाही. एका ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढून पाहिले तर चित्र धूसर झालं. सोबतचे मराठी सबटायटल सुरुवातीला बरोबर असतात, पुढे मागे पडत जातात, आणि टीव्हीवर अक्षरांऐवजी चौकोन दिसतात. हे सगळं निस्तरणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर तुम्हाला हवं आहे.

असं एकच सॉफ्टवेअर नाही, आणि ते शोधण्यात वेळ घालवू नका. तुम्ही एक म्हणून सांगितलेली अडचण खरं तर चार वेगवेगळ्या अडचणींची मिळून झाली आहे, आणि त्यातल्या दोन तर काहीही कन्व्हर्ट न करता सुटतात. भाषणं आणि मुलाखतींच्या रेकॉर्डिंगला सबटायटल लावणं हे माझं रोजचं काम आहे. माझ्याकडे ‘बिघडली’ म्हणून येणाऱ्या बहुतेक फाइली मुळात चांगल्या असतात. गरज नसताना कन्व्हर्ट केल्यामुळे त्या बिघडलेल्या असतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एमपी४, एमकेव्ही, वेबएम, एव्हीआय ही नावं डब्याची आहेत. डब्यात काय भरलंय ते त्यावरून कळत नाही. आत चित्राचा एक प्रवाह असतो, आवाजाचा एक किंवा अनेक, आणि कधी सबटायटलचा. प्रत्येक प्रवाह कुठल्या तरी कोडेकने, म्हणजे दाबण्या-उलगडण्याच्या ठरावीक पद्धतीने, दाबून लहान केलेला असतो. चित्रासाठी एच.२६४, एच.२६५, व्हीपी९, एव्ही१. आवाजासाठी एएसी, एमपी३, ओपस, डीटीएस. एच.२६४ हे २००३ सालचं प्रमाण, त्यामुळे ते जवळजवळ प्रत्येक यंत्राला कळतं. एच.२६५ आणि व्हीपी९ २०१३चे, एव्ही१ २०१८चं. टीव्ही जितका जुना, तितकी नंतरच्या कोडेकशी त्याची ओळख कमी. लॅपटॉपवर व्हीएलसी हा मोफत प्लेअर सगळं चालवतो, कारण हे सगळे कोडेक उलगडण्याची सोय तो स्वतःसोबतच घेऊन येतो. टीव्हीत मात्र उत्पादकाने जे बसवलं असेल तेवढंच चालतं.

म्हणून पहिलं सॉफ्टवेअर घ्यायचं ते कन्व्हर्टर नव्हे, मीडियाइन्फो. मोफत आहे, लहान आहे, आणि एकच काम करतं: फाइल उघडून आत काय काय आहे ते सांगतं. टीव्हीवर नीट चालणारी एक फाइल आणि न चालणारी एक फाइल अशा दोन्ही त्यात उघडा आणि शेजारी शेजारी ठेवून वाचा. चित्राचा कोडेक, आवाजाचा कोडेक, रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) या चार ओळी पुरेत. दोन फाइलींत जो फरक दिसेल, बहुधा तोच तुमचा दोष. टीव्हीचं माहितीपत्रक हाताशी नसलं तरी ही तुलना पुरते. मी स्वतः माहितीपत्रकापेक्षा हिच्यावरच जास्त विश्वास ठेवते.

आता ज्या फाइलींचं चित्र दिसतं पण आवाज येत नाही त्या घेऊ. तिथे चित्राचा कोडेक टीव्हीला कळलेला आहे, अडलंय ते आवाजापाशी. बहुतेक वेळा तो ओपस किंवा डीटीएस निघतो. मग चित्राला हात लावायचं कारणच काय? चित्र जसंच्या तसं उचलायचं आणि फक्त आवाज एएसीमध्ये बदलायचा. यासाठी माझं साधन एफएफएमपेग. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेला हा मुक्त प्रकल्प आज बहुतेक मोफत व्हिडिओ सॉफ्टवेअरच्या पोटात बसलेला आहे. त्याला चित्राच्या कोडेकच्या जागी ‘कॉपी’ आणि आवाजाच्या कोडेकच्या जागी ‘एएसी’ सांगितलं की झालं. भाषणाच्या आवाजाला सेकंदाला १२८ किलोबिट पुरेत, संगीत असेल तर १९२ ठेवा. दीड तासाची फाइल काही मिनिटांत हातात येते आणि चित्राचा एक कणही बदललेला नसतो. कमांड लिहायची सवय नसेल तर एव्हिडेमक्स वापरा. त्यात चित्रासाठी ‘कॉपी’, आवाजासाठी ‘एएसी’ आणि खाली एमपी४ डबा, असे तीन पर्याय एकाच खिडकीत निवडता येतात.

दोन्ही कोडेक टीव्हीला चालणारे आहेत, अडचण फक्त डब्याची आहे, असंही बऱ्याचदा निघतं. एमकेव्हीत एच.२६४ आणि एएसी असतं, पण टीव्हीला एमकेव्ही उघडता येत नाही. अशा वेळी दोन्ही प्रवाहांना ‘कॉपी’ सांगून डबा तेवढा बदलायचा. याला रीमक्स म्हणतात. हे काम फाइल एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी कॉपी करण्याइतक्याच वेगाने होतं. उलट दिशेने, म्हणजे एमकेव्ही डबा बांधण्यासाठी, एमकेव्हीटूलनिक्ससारखं दुसरं साधन नाही. मधला काही भाग नको असेल तर लॉसलेसकट घ्या, तेही पुन्हा एनकोड न करता, म्हणजे नव्याने न दाबता, कापतं. कापण्याची जागा मात्र त्याला कीफ्रेमवरच, म्हणजे मधूनमधून येणाऱ्या पूर्ण चित्रावरच, नेमकी सापडते, म्हणून काप एक-दोन सेकंद अलीकडे जाऊ शकतो.

खरंखुरं कन्व्हर्ट करण्याची वेळ फक्त तेव्हा येते, जेव्हा चित्राचाच कोडेक टीव्हीला कळत नाही. तुमच्या ‘उघडतच नाहीत’ या गटातल्या फाइली व्हीपी९ किंवा एव्ही१ असण्याची शक्यता जास्त. पण त्याआधी फाइलचा आकार बघा. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही. एक्सफॅट केला तर मावते, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत.

कन्व्हर्ट करायचंच ठरलं तर हँडब्रेक हा मोफत कन्व्हर्टर. तो चित्र नेहमी नव्याने एनकोड करतो, म्हणून नुसता डबा बदलायला तो वापरू नका. लोक तिथेच फसतात. त्यात एच.२६४ निवडा आणि दर्जा ‘आरएफ’ या आकड्याने ठरवा. हा आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी. साधारण ६ने वाढवला की बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला खर्च होणारी माहिती, निम्म्यावर येतो. १०८०पी भाषणासाठी मी २० ते २२च्या आसपास ठेवते. फळ्यावरचा किंवा स्लाइडवरचा बारीक मजकूर वाचता यायला हवा असेल तर आणखी दोनने खाली येते. किती मिनिटं लागतील ते तुमच्या संगणकावर अवलंबून आहे, पण ‘प्रीसेट’ (एनकोड करण्याचा वेग) मंद ठेवला तर त्याच दर्जाची फाइल लहान होते. फोनवर किंवा स्क्रीन रेकॉर्डरने घेतलेल्या चित्रणात फ्रेम रेट बदलता असतो. आवाज हळूहळू ओठांपासून सुटत असेल तर ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’चा पर्याय निवडून बघा.

ऑनलाइन कन्व्हर्टरने तुमचं चित्र धूसर का केलं, तेही यातच येतं. हे सगळे कोडेक माहिती गाळून फाइल लहान करतात. एकदा गाळलेलं चित्र पुन्हा गाळलं की आणखी तपशील जातो, आणि गेलेला परत येत नाही. त्या संकेतस्थळांना स्वतःचा खर्च वाचवायचा असतो, म्हणून ती बिटरेट कमी ठेवतात. ४८०पीची फाइल १०८०पी करून घेतल्यानेही तपशील वाढत नाही, नुसता आकार वाढतो. मूळ फाइल म्हणूनच कधी पुसू नका. प्रत्येक नवी आवृत्ती मूळ फाइलीवरूनच काढा, आधी कन्व्हर्ट केलेल्या फाइलीवरून नको.

डाउनलोडबद्दल. पुढच्या खेपेला निवड तिथेच नीट केली तर कन्व्हर्ट करायची गरजच पडणार नाही. माझं साधन वायटी-डीएलपी. २००६पासून चालत आलेल्या यूट्यूब-डीएलची ही पुढची शाखा. मोठ्या संकेतस्थळांवर एकच व्हिडिओ अनेक कोडेक आणि आकारांत ठेवलेला असतो, आणि मोठ्या आकारात चित्र आणि आवाज वेगवेगळे असतात. वायटी-डीएलपी दोन्ही आणतं आणि एफएफएमपेगकडून जोडून घेतं, म्हणून एफएफएमपेग आधीपासून संगणकावर हवंच. ते नसलं की एक तर कमी दर्जाची जोडलेली फाइल येते, नाहीतर ‘आवाज नसलेली फाइल’ आणि ‘चित्र नसलेली फाइल’ अशा दोन हाती येतात. काहीही न सांगता चालवलं तर ते सर्वांत चांगला दर्जा निवडतं, आणि तो नेमका व्हीपी९ किंवा एव्ही१ आणि ओपस निघतो. तुमच्या काही फाइली अशाच आल्या असाव्यात. आधी उपलब्ध फॉरमॅटची यादी मागवा आणि त्यातली एच.२६४ व एएसीची जोडी निवडा. यूट्यूबवर ही जोडी सहसा १०८०पीपर्यंतच मिळते, पण व्याख्यानाला त्याहून जास्त लागत नाही. कमांड नको असेल तर पॅराबोलिक हे वायटी-डीएलपीला खिडकी लावलेलं मोफत सॉफ्टवेअर आहे. एक लक्षात असू द्या: संकेतस्थळं आपली रचना सतत बदलतात, म्हणून डाउनलोड अचानक थांबलं तर डोकं खाजवत बसण्याआधी वायटी-डीएलपी अद्ययावत करा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

काय डाउनलोड करावं हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ते मी तुमच्यासाठी ठरवू शकत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखालचं, इंटरनेट आर्काइव्हवरचं, किंवा आयोजकांनी परवानगी दिलेलं साहित्य असेल तर प्रश्न नाही. बाकी ठिकाणी संकेतस्थळाच्या अटी आणि कॉपीराइट दोन्ही लागू होतात. परवानगी मागायला एक ईमेल पुरतो, आणि माझा अनुभव असा की व्याख्यानांचे आयोजक बऱ्याचदा मूळ फाइलच पाठवून देतात. ती डाउनलोड केलेल्या प्रतीपेक्षा केव्हाही सरस. व्हिडिओ तुमच्याच चॅनेलवरचे असतील तर यूट्यूब स्टुडिओतून फार तर ७२०पी मिळतं, म्हणून गूगल टेकआउट या आपला डेटा मागवण्याच्या सेवेतून मागवा. कुलूप लावलेलं, म्हणजे डीआरएम असलेलं साहित्य वायटी-डीएलपी उतरवत नाही, आणि त्या वाटेला जाऊही नका.

आता सबटायटल. इथे जरा थांबते, कारण लोकांचा सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो.

एसआरटी ही सबटायटलची साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्ये उघडते. तिच्यात प्रत्येक संवादाचा एक तुकडा असतो:

१२
००:०४:१८,२५० --> ००:०४:२१,९००
आता आपण मूळ मुद्द्याकडे येऊ.

पहिली ओळ क्रमांकाची, दुसरी सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेळेची, मग मजकूर, आणि त्यानंतर एक रिकामी ओळ. इथे मी आकडे देवनागरीत लिहिलेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये क्रमांक आणि वेळ इंग्रजी आकड्यांतच हवेत, नाहीतर प्लेअरला तुकडा सुरू कुठे होतो तेच कळत नाही. मराठी सबटायटल करणाऱ्यांच्या हातून ही चूक बऱ्याचदा होते, कारण कीबोर्ड देवनागरीवर राहून जातो. सेकंदांनंतर स्वल्पविराम आहे, तेही पाहा. वेबव्हीटीटी या वेबवरच्या प्रकारात तिथे टिंब असतं आणि फाइलच्या डोक्यावर ‘वेबव्हीटीटी’ हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतो. नुसतं नाव बदलून व्हीटीटीची एसआरटी होत नाही. सबटायटल एडिट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून एसआरटी म्हणून सेव्ह करा. वायटी-डीएलपीलाही डाउनलोड करतानाच एसआरटी करून द्यायला सांगता येतं. मात्र माणसाने लिहिलेले सबटायटल आणि यंत्राने आपोआप केलेले, हे त्यात दोन वेगळे पर्याय आहेत. यूट्यूबचे आपोआप झालेले सबटायटल ओळ वर सरकवत दाखवतात, म्हणून ते एसआरटीत आणले की तीच ओळ दोन-दोनदा येते. माणसाचे असतील तर तेच घ्या.

तुमचे सबटायटल मागे का पडतात ते शोधायला दोन जागा तपासा: पहिल्या पाच मिनिटांतलं एक वाक्य आणि शेवटच्या पाच मिनिटांतलं एक. दोन्हीकडे चूक सारखीच, समजा तीन सेकंद, असेल तर सगळी फाइल तीन सेकंद सरकवा. व्हीएलसीत ‘जी’ आणि ‘एच’ या कळा ५० मिलिसेकंदांनी मागेपुढे करतात, पण ते तेवढ्या वेळेपुरतं. कायमचं करायला सबटायटल एडिट लागतं. चूक वाढत जात असेल, जशी तुम्ही सांगताय, तर सरकवून उपयोग नाही. तिथे सबटायटल एका फ्रेम रेटसाठी बनलेले आहेत आणि व्हिडिओ दुसऱ्याचा आहे. तासाला किती फरक पडतो ते मोजलं की कारण कळतं. तासाला साधारण साडेतीन सेकंद असेल तर २४ आणि २३.९७६चा घोळ. जवळपास अडीच मिनिटं असेल तर २५ आणि २३.९७६चा. सबटायटल एडिटमध्ये फ्रेम रेट बदलण्याचा पर्याय आहे, पण मी बहुधा ‘पॉइंट सिंक’ वापरते: सुरुवातीचं एक वाक्य आणि शेवटचं एक वाक्य त्यांच्या खऱ्या जागी लावायचं, मधली सगळी त्या प्रमाणात आपोआप बसतात. आकडेमोड करावी लागत नाही. चूक मध्येच एका जागी उडी मारत असेल तर मात्र व्हिडिओतून काही कापलं गेलंय. त्या उडीच्या पुढचा भाग निवडून तेवढाच सरकवा.

राहिले चौकोन. देवनागरी सबटायटल चार प्रकारे बिघडतात, आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, म्हणून नेमकं काय दिसतंय ते नीट पाहा. नुसते चौकोन दिसत असतील तर फाइल ठीक आहे, यंत्रात देवनागरी फॉन्ट नाही. एकेका अक्षराच्या जागी तीन-तीन विचित्र लॅटिन चिन्हं दिसत असतील तरीही फाइल ठीक आहे. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचं असतं, आणि प्लेअर तो प्रत्येक बाइट सुटा वाचतोय. प्लेअरच्या सेटिंगमध्ये सबटायटलचं एनकोडिंग यूटीएफ-८ करा, किंवा फाइल ‘बॉमसह यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह करून पाहा (बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची एनकोडिंगची खूण). सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसत असतील तर मात्र वाईट बातमी आहे. कुणीतरी फाइल देवनागरी न मावणाऱ्या जुन्या अ‍ॅन्सी पद्धतीत सेव्ह केली आणि मजकूर पुसला गेला. तो परत येत नाही, मूळ प्रतच शोधावी लागते. चौथा प्रकार: अक्षरं दिसतात, पण ‘कि’मधली वेलांटी ‘क’च्या उजवीकडे येते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी पडतात. तिथे फॉन्ट आहे, पण अक्षरं जुळवण्याची यंत्रणा त्या टीव्हीत नाही.

पहिल्या आणि चौथ्या प्रकारात टीव्ही दुरुस्त करणं आपल्या हातात नाही. तिथे दोनच वाटा उरतात. टीव्हीवर व्हीएलसीसारखं अ‍ॅप टाकता येत असेल तर आधी ते करून पाहा. नाहीतर सबटायटल चित्रातच छापून टाका: हँडब्रेकच्या सबटायटल विभागात एसआरटी आणा, एनकोडिंग यूटीएफ-८ ठेवा आणि ‘बर्न इन’वर खूण करा. ही फाइल कुठल्याही यंत्रावर सारखीच दिसेल. पण चित्र पुन्हा एनकोड होतं, आणि छापलेली ओळ नंतर बंद करता येत नाही की तिच्यातली चूक सुधारता येत नाही. म्हणून आधी दोन मिनिटांचा तुकडा छापून टीव्हीवर बघा. जोडाक्षरं, ओळीची लांबी, उजळ पार्श्वभूमीवर अक्षरं वाचता येतात का, हे सगळं त्या दोन मिनिटांत कळतं. मगच पूर्ण फाइल लावा.

सबटायटल वेगळी फाइल म्हणूनच ठेवणार असाल तर तिचं नाव व्हिडिओच्या नावाशी तंतोतंत जुळवा, पुढचं एक्स्टेन्शन तेवढं वेगळं. एमपी४ डब्यात एसआरटी जशीच्या तशी बसत नाही, एमपी४च्या स्वतःच्या मजकूर-प्रकारात बदलावी लागते. एमकेव्हीत ती आहे तशी राहते.

ही सॉफ्टवेअर घेताना एक काळजी घ्या. नाव शोधलं की वरच्या निकालांत त्याच नावाची नक्कल करणारी संकेतस्थळं येतात. डाउनलोड फक्त प्रकल्पाच्या स्वतःच्या पानावरून करा. मे २०१७मध्ये हँडब्रेकच्या अधिकृत डाउनलोड सर्व्हरपैकी एकावर मॅकसाठीची फाइल बदलून तिथे मालवेअर ठेवलं गेलं होतं. चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही ना हे तपासायचा प्रकल्पाने दिलेला आकडा, ताडून पाहिला तर असा बदल लक्षात येतो. मार्च २०२५मध्ये एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने मोफत ऑनलाइन कन्व्हर्टरमधून मालवेअर पसरत असल्याचा इशारा दिला होता. शिवाय कुणाची खासगी मुलाखत अनोळखी सर्व्हरवर चढवणं मला पटत नाही. वर सांगितलेली सगळी साधनं तुमच्याच संगणकावर चालतात.

आज एवढंच करा: न चालणाऱ्या प्रत्येक गटातली एकेक फाइल मीडियाइन्फोत उघडा, ‘टेक्स्ट’ स्वरूपात येणारी माहिती आणि टीव्हीचं मॉडेल मला पाठवा. सबटायटल तासाला किती सेकंद मागे पडतात तेही मोजून लिहा. त्यावरून कुठली फाइल नुसती रीमक्स करायची, कुठल्या फाइलीचा फक्त आवाज बदलायचा आणि कुठली खरोखर एनकोड करावी लागेल, ते नेमकं सांगता येईल.